धरणाखालचं बालपण

युरोप-अमेरिकेतल्या एका पिढीचं बालपण अणुयुद्धाच्या भीतीत गेलं. अमेरिकेतल्या शाळांत मुलांकडून बाकाखाली डोकं घालून बसण्याचा सराव करून घेत. १९६२च्या ऑक्टोबरात क्यूबावरून जग युद्धाच्या तोंडाशी आलं, तेव्हा तिथली घरंच्या घरं रेडिओला कान लावून बसली होती. त्या पिढीच्या आठवणी वाचताना मला दर वेळी कराड आठवतं. बॉम्ब आमच्या गावीही नव्हता. आमच्या डोक्यावर, नदीच्या वरच्या अंगाला, कोयना धरण होतं.

११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरचा भूकंप झाला. पावणेदोनशेवर माणसं गेली, पाटण तालुक्यातली घरं मातीला मिळाली, थेट मुंबईची वीज गेली. कराडला आमचं घर उभं राहिलं, पण त्यानंतर कितीतरी रात्री आमची गल्ली घरात झोपली नाही. अंगणात गोधड्या, मध्ये शेकोटी, आणि आजीच्या उशाशी एक पितळी तांब्या. त्यावर ती वाटी पालथी घालून ठेवायची. जमीन जराशी हलली की वाटी आधी वाजे, मग आम्हाला हादरा कळे. आईने रेशनकार्ड, सातबारा आणि थोडं सोनं एका फडक्यात बांधून दाराच्या खुंटीला लावलं होतं. पळायचं कुठे, हेही ठरलेलं होतं: आगाशिवचा डोंगर. धरण फुटलं तर पाणी कराडात किती वेळात येईल, यावर शेकोटीभोवती रोज वाद व्हायचा. कुणी दोन तास म्हणे, कुणी अर्धा. सहा वर्षांपूर्वी, १२ जुलै १९६१ला, पानशेत फुटून पुणं बुडालं होतं. ते पाहिलेला एखादा पाहुणा आला की वाद तिथेच थांबायचा.

भूकंप होऊन गेलेला होता. भीती होती ती अजून न झालेल्या गोष्टीची, आणि म्हणूनच तिला शेवट नव्हता.

"आजी, पाणी आलं तर?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "कृष्णामाई लेकरांना बुडवत नाही रे." वडिलांचं उत्तर वेगळं होतं: "सरकार बघून घेईल, धरणाला काही झालेलं नाही." दोघांचाही हेतू एकच होता, पोराने झोपावं. आज मला त्या उत्तरांचा राग नाही. पण त्या दोन उत्तरांपलीकडे तिसरं उत्तर असू शकतं, हे समजायला मला फार वर्षं लागली, आणि हा लेख त्या तिसऱ्या उत्तराबद्दल आहे.

धरणाला तडे गेले होते. ते बाजारात बोलली जाणारी अफवा नव्हती. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांत, खालच्या अंगाचा उतार जिथे बदलतो त्या पातळीच्या आसपास, दोन्ही तोंडांवर आडवे तडे पडले होते. १०३ मीटर उंचीचं ते धरण तरीही उभं राहिलं. पुढे पोलादी दोर ताणून आणि मागून काँक्रीटचे भक्कम आधार देऊन ते बळकट केलं. म्हणजे गल्लीतली भीती निराधार नव्हती आणि वडिलांचा दिलासाही अगदीच पोकळ नव्हता. दोघांकडे अर्धी अर्धी माहिती होती. तडा कुठे आहे, केवढा आहे, त्यावर काय चाललंय, एवढं जरी कुणी कराडच्या चौकात उभं राहून सांगितलं असतं, तरी आमच्या कित्येक रात्री वेगळ्या गेल्या असत्या.

पुढे सांगलीत कॉलेजला असताना या भीतीने कूस बदलली. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांचं धरणं आणि भूकंप यांच्यावरचं पुस्तक १९७६ साली आलं होतं, त्याविषयी वाचनालयात वाचायला मिळालं. दख्खनचं पठार म्हणजे अचल खडक, इथे मोठे भूकंप व्हायचे नाहीत, असं बरेच भूशास्त्रज्ञ मानत आले होते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि त्यामागोमाग बारीक धक्के सुरू झाले. त्यामागे होतं साठ्याचं वजन, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खडकांच्या भेगांत खोल शिरलेल्या पाण्याचा दाब. आधीच ताण साठलेल्या, एकमेकीत अडकून बसलेल्या भेगांच्या कडा त्या दाबाने सैल होतात. धरणाने भूकंप निर्माण केला असं नाही, त्याला वाट करून दिली. आज जगभरचे शास्त्रज्ञ या प्रकाराचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात.

हे वाचलं त्या दिवशी आजीचं आणि वडिलांचं, दोघांचंही उत्तर माझ्यापुरतं संपलं. ज्या पाण्यावर जवळपास दोन हजार मेगावॅट वीज उभी राहिली, ज्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, त्याच पाण्याने जमीन हलवली होती. संकट आभाळातून आलं नव्हतं. ते माणसांनी, चांगल्या हेतूने आणि राज्याच्या गरजेपोटी बांधलं होतं. आणि माणसाने बांधलेल्या गोष्टीचा जाब माणसाला विचारता येतो.

इथेच आमची भीती त्या बॉम्बच्या भीतीला भेटते, आणि तीही नुसत्या कल्पनेत नाही. साठच्या दशकात अमेरिकेने जगभर एकाच धर्तीची भूकंपमापक केंद्रं उभारली. जमिनीखालच्या अणुचाचण्या चोरून झाल्या तरी कळाव्यात, ही त्यामागची निकड होती. त्यातलं एक केंद्र पुण्यात होतं. बॉम्बच्या धास्तीने बसवलेली ती यंत्रं जगभर कोयनेचा हादरा नोंदवत होती, आणि त्या नोंदींवर आमच्या भूकंपाचा अभ्यास झाला.

मे १९९८ची गोष्ट. ११ आणि १३ तारखेला पोखरणला स्फोट झाले, महिनाअखेरीस पाकिस्ताननेही केले. सांगलीत पेढे वाटले गेले. मी पेढा घेतला नाही. देशावर प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. साताऱ्याकडच्या आमच्या गावांत घराआड एक फौजी आहे, अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. युद्ध म्हणजे काय हे इथे कुणी शिकवायला लागत नाही. पण "बॉम्ब असला की वापरायची वेळच येणार नाही" हे वाक्य ऐकताना मला शेकोटीजवळचे वडील आठवले. "काही होणार नाही" हे तेच आश्वासन होतं. एक फरक मात्र मोठा आहे. धरणाच्या बाबतीत तडा मोजता येतो, पातळी वाचता येते, प्रश्न विचारता येतो. बॉम्बच्या बाबतीत नागरिकाच्या हाती मोजायला काहीच नसतं. ज्या धोक्याचा आकडाच आपल्याला कळू शकत नाही, त्याच्याखाली शांत झोपण्याची सवय समाजाने लावून घेऊ नये, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

कोयनेच्या बाबतीत मोजणं खरोखर झालं. १९६७पासून या पट्ट्यात पाचच्या वरचे वीसेक आणि चारच्या वरचे दोनेकशे भूकंप नोंदले गेले. सांगली जिल्ह्यात चांदोलीला वारणेचं धरण भरल्यावर, १९९३ नंतर, धक्क्यांचा भर दक्षिणेकडे वारणेच्या बाजूला सरकला, हेही नोंदींतूनच कळलं. कराडजवळ हजारमाचीला आता केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि गोठणे इथे भूकंपाच्या उगमाचा वेध घेण्यासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. ज्या जमिनीची धास्ती घेऊन आम्ही वाढलो, तिच्या आत कुणीतरी डोकावून बघतंय, याचं मला मनापासून समाधान आहे.

आणि लोकही शिकले. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात भाजीवाल्या मावशीसुद्धा कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून किती जातंय, धरणात किती टीएमसी आहे, हे तोंडपाठ सांगत होत्या. धरण फुटलं नव्हतं, तरी घरं बुडाली. लहानपणी जी आपत्ती आम्ही डोळे मिटून पाहायचो, ती ही नव्हती. पण माणसं आकड्यांवर भांडत होती, विसर्ग आधी का सुरू केला नाही म्हणून विचारत होती. मला त्या भांडणाचं मोल फार वाटतं. आमच्या शेकोटीवर आकडे अंदाजपंचे होते. इथे ते खरे होते आणि मागितलेले होते.

या सगळ्यात वरच्या खोऱ्यातली माणसं मात्र माझ्या विचारात फार उशिरा आली. आम्ही खालच्या काठावर "पाणी आलं तर" म्हणून जागत होतो, तेव्हा वरच्या खोऱ्यातल्या शंभराच्या आसपास गावांवर पाणी आलेलंच होतं. हजारो कुटुंबं सांगली-सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत पांगली. त्यांच्यातले कित्येक २०१८ साली, म्हणजे दोन पिढ्यांनंतर, भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला जमिनीच्या हक्कासाठी ठिय्या देऊन बसले होते. धोका कुणी पत्करायचा हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हालाही नाही. फरक इतकाच की आमचा धोका टळला.

२०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने प्रत्येक मोठ्या धरणाला आपत्कालीन कृती आराखडा सक्तीचा केला आहे. धरण फुटलं तर पाणी कुठवर, किती वेळात पोचेल, याचे नकाशे त्या कामाचा भाग असतात. शेकोटीभोवती आमच्या गल्लीत रोज चालणारा वाद त्या नकाशात मिटलेला असतो. पाटणपासून कराड, भिलवडी, सांगलीपर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि प्रत्येक शाळेच्या वर्गात तो नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरात लावावा, आणि शिक्षकांनी तो पाचवीच्या मुलांना वाचायला शिकवावा, एवढी माझी मागणी आहे. मुलं घाबरतील म्हणून नको, असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगू शकतो: आम्ही नकाशा नसतानाही घाबरलेलोच होतो.