जवळ्याविना थाई करी

बोईसरच्या फॅमिली रेस्टॉरंटात थाई करी भेटते ती मेनूकार्डाच्या चायनीज पानावर, मंच्युरियन आणि ट्रिपल शेजवानच्या खाली. हिरवी, लाल, सोबत भात. आजीला दालखिचडी, नातवाला नूडल्स, सुनेला थाई. एकाच टेबलावर सगळ्यांची सोय. मुंबईत थाई जेवणाला प्रतिष्ठा मिळाली ती पंचतारांकित दारातून. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ मध्ये ‘थाई पॅव्हिलियन’ सुरू झालं, आनंद सोलोमन यांच्या हाताखाली. तिथून बोईसरपर्यंत येईतो करीतून वास मात्र गळून गेला.

हा वास थाई करीच्या वाटणात पडणाऱ्या कापीचा. बारीक कोळंबी मीठ लावून आंबवायची आणि कुटायची, की कापी तयार. ज्या जिवाची ती करतात, त्याचाच भाऊबंद म्हणजे आपला जवळा. ते आंबवतात, आपण वाळवतो, एवढाच फरक. सातपाटीच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील टांगलेले असताना जो दर्प येतो, तो थायलंडच्या माणसाला परका वाटणार नाही. नारळ आहे, गवती चहा आपल्या परसात आहे. मिरची दोन्हीकडे पोर्तुगीजांच्या व्यापारातून आली असं मानतात. १५११ मध्ये मलाक्का घेतलं तेव्हाच त्यांचा दूत सयामच्या दरबारी गेला, आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला तो तारापूरचा किल्लाही पोर्तुगीजांचाच. म्हणजे मालमसाला बराचसा घरचाच. तरी करीला चव येते बाटलीतल्या सॉसची.

मालकाला दोष देणं सोपं आहे. पण १९६९ मध्ये शेजारच्या तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली, आणि या गावात देशभरची माणसं आली. शेजारच्या टेबलावर जैन कुटुंब, पलीकडे श्रावण पाळणारे. जवळ्याचा वास सुटला तर अर्धं हॉटेल रिकामं. अस्सलपणाची तक्रार तर मुळीच करू नये. पॅड थाईला राष्ट्रीय पदार्थ केलं ते पंतप्रधान फिबुनसोंग्क्राम यांच्या सरकारने, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास, चिनी धाटणीच्या शेवयांवर. थायलंडने २००२ पासून जगभर थाई हॉटेलं वाढवण्याचा सरकारी कार्यक्रमच चालवला. परदेशी जिभेशी जुळवून घेणं त्यांना आपल्याआधी जमलंय.

माझं दुखणं वेगळं. ज्या वासाला हॉटेलात जागा नाही, तो बँकॉकचाच नाही. तो इथल्या मांगेला कोळ्यांच्या घरचाही आहे. सोसायटीत सुकट भाजली तर खिडक्या लागतात (आमच्याकडेही लागल्यात), आणि हॉटेलातली करी ‘थाई’ म्हणून कौतुकाने खाल्ली जाते ती तो वास काढून टाकल्यावर. सगळ्यांना एकत्र बसवायचं, तर कुणाचा तरी वास बाहेर ठेवावा लागतो. आपल्या गावात तो नेहमी कोळ्यांचाच का असावा?

उपाय काही फार खर्चाचा नाही. चिकन-मटणासाठी वेगळी कढई ठेवणारे मालक आहेतच. आणखी एक कढई, मागच्या दाराशी, सातपाटीचा जवळा कुटून केलेल्या करीसाठी ठेवावी. मेनूकार्डावर तिखटापुढे मिरचीचं चित्र असतं, तसं तिच्यापुढे जवळ्याचं छापावं. ज्याला नको, तो मागवणार नाही.