बाकावर कोण बसलंय?



इंदूरच्या आपल्या गटात परवा एक प्रश्न निघाला. कॉलनीतल्या मुलांचा बास्केटबॉलचा हौशी संघ. संघात बारा जण, रविवार सकाळची लीग, एकूण आठ सामने. संघाने त्यातले सहा जिंकले, पेढे वाटले. पण त्यातला एक मुलगा रोज पहाटे सरावाला हजर असायचा आणि अख्ख्या हंगामात तो जेमतेम सहा मिनिटं खेळला. बाकी वेळ बाकावर! त्याची आई म्हणाली, “पुढच्या वर्षी तो जाणार नाही म्हणतोय.” आता सांगा, संघाचं चुकलं का?

आपण आधी हिशेब मांडू. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे 40 मिनिटं. मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे दर सामन्यात वाटायला 200 मिनिटं असतात. बारा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकी 16 मिनिटं 40 सेकंद. शिवाय या खेळात खेळाडू कितीही वेळा बदलता येतो. तेव्हा “नियमात बसत नाही” असं कोणी म्हणू शकत नाही. देणं हातात होतं.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. गटातले एक काका म्हणाले, “अहो, जो चांगला खेळतो त्यानेही घाम गाळलाय. दया म्हणून कोणाला उतरवायचं, हा त्याचाही अपमानच की!” हे खोटं नाही. निष्काम वृत्ती म्हणजे हरलं तरी चालेल अशी ढिलाई नव्हे. मैदानात उतरल्यावर मन लावून, जिंकायलाच खेळावं.

मग मार्ग कुठला? हा खेळ जन्माला कसा आला ते पाहिलं तर थोडा उजेड पडतो. डिसेंबर 1891. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. बाहेर थंडी, मुलं आत कोंडलेली. त्यांनी सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि 13 नियम लिहून काढले. वर्गात 18 मुलं होती, म्हणून नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. बाकावर कोणीच नाही! आधी आकडा ठरवून मग माणसं निवडली नाहीत, जेवढी माणसं होती त्यांवरून आकडा ठरवला. हेच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. तिथे त्यांच्या संघाने 55 सामने जिंकले आणि 60 हरले. खेळ ज्यांनी दिला त्यांच्याच खात्यात हार जास्त. तरी जग त्यांचंच नाव आदराने घेतं.

आम्हाला असं वाटतं की संघ कशासाठी जमलाय हे आधी विचारावं. पगारी संघ जिंकण्यासाठी माणसं घेतो, आणि तसं आधीच सांगतो. हौशी संघात पगार नाही. सगळ्यांची वर्गणी सारखी, पहाटेची झोपमोडही सारखीच. तिथे खेळायला मिळणं हा उपकार नाही, तो हक्क आहे. कौशल्यावरून कोण *केव्हा* उतरेल ते ठरवा, शेवटची अटीतटीची पाच मिनिटं खुशाल चांगल्यांना द्या. पण कोण उतरेल *की नाही*, हे हजेरीने आणि मेहनतीने ठरावं. आणि एखाद्याला खेळवायचंच नसेल तर तसं पहिल्याच दिवशी सांगावं. आशा दाखवून बसवून ठेवणं ही हिंसाच आहे, जरा सौम्य एवढंच.

राहिलं जिंकणं. सगळे खेळले असते तर कदाचित सहाऐवजी चारच सामने जिंकले असते. तेवढी किंमत मोजावी लागते. फुकटचा न्याय कुठेच मिळत नाही.

आता मैदान सोडून घरात येऊ या. सणाला पाहुणे येतात, गप्पा रंगतात, आणि कोणी तरी स्वयंपाकघरातच असतं. घराचा निर्णय होतो आणि आजोबांना नंतर कळवतात. धाकट्याला “तुला नाही जमणार” म्हणून कधी करूच दिलेलं नसतं. ही सगळी आपल्या घरातली बाकावरची माणसं. हजेरी रोजची, मिनिटं शून्य.

या रविवारी जेवताना प्रत्येक घराने एवढंच करावं. सगळ्यांनी एकमेकांना विचारावं, “आपल्याकडे बाकावर कोण बसलंय?” आणि जे नाव निघेल त्या माणसाच्या हाती त्याच दिवशी चेंडू द्यावा.

आपले,
सेवेकरी मंडळी