कोणाकडे?

एकट्याने गाव पाहायला जाणारा मनुष्य आपल्याकडे थोडा संशयास्पदच ठरतो. यात्रेला जावे ते मंडळींबरोबर, लग्नाला जावे ते वऱ्हाडाबरोबर. एकटा निघतो तो एकतर कोर्टाच्या कामाला, नाहीतर कोणाच्या समाचाराला. मला मात्र एकट्याने हिंडण्याची जुनी खोड आहे. बरोबर कोणी नसले, की पाहिलेल्या गोष्टीबद्दल लगेच काही बोलावे लागत नाही, एवढेच तिचे समर्थन मी आजवर करीत आलो. परवा जुन्नरला गेलो तोही असाच.

जुन्नर हे एकट्याने पाहण्याजोगेच गाव आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून इथे येई. घाटातल्या लेण्यात राजकुलातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. भोवतालच्या डोंगरांतील लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये काही यवनही आहेत. कुठला कोण परका मनुष्य, इथे आला आणि भिक्षूंसाठी पाण्याची टाकी खोदवून गेला! असले काही वाचले की माझ्यासारख्याची स्वारी खूष होते. इतक्या जुन्या माणसांबद्दल हळहळ वाटली तरी ती गोड असते. ती आपल्याकडे काही मागत नाही.

दुसऱ्या दिवशी शिवनेरी चढलो. सात दरवाजे, शिवाईचे देऊळ, गंगा-जमुना टाकी आणि १६३० साली ज्या वास्तूत शिवाजीमहाराज जन्मले ती जागा, असे सगळे रीतसर पाहिले. मग वरच्या अंगाला एका चौथऱ्यापाशी सावली होती, तिथे बसून बरोबरची दशमी सोडली. वारा छान होता. तो कोळी चौथरा, हे मला ठाऊक होते. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची इथे सरसकट कत्तल झाली. मेलेल्यांचा आकडा परंपरा हजाराच्या वर सांगते. हे ठाऊक असूनही मी दशमी खाल्ली, आणि ती मला गोड लागली. त्यात काही वावगे झाले असे तेव्हा मनातही आले नाही.

तिसऱ्या दिवशी घोडेगावच्या एस. टी. स्थानकावर उभा होतो. आंबेगाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. मला जायचे होते माळीणला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. नेहमीची एस. टी. घेऊन चालक आला, तेव्हा गाव जागेवर नव्हते. पुढे जवळच आमडे येथे नवे माळीण वसले. जुन्या जागी स्मृतिस्तंभ उभा राहिला. तो पाहावा, असे मनात होते.

शेजारी पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी सहज विचारले, "पाव्हणं, कुणाकडं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'कोणाकडे नाही, बघायला चाललोय,' एवढेच खरे उत्तर होते, आणि ते ओठांवर येईना. मी म्हणालो, "भीमाशंकरला."

"मंग ही गाडी न्हाय तुमची. ती मागची धरा."

मुकाट्याने मागची गाडी धरली.

डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेने गाडी चालली होती आणि मी स्वतःशी हुज्जत घालीत होतो. काल जे निर्लज्जपणे केले, त्याची आज लाज का वाटावी? वर्षांचा हिशोब करून पाहिला. साडेतीनशे वर्षे झाली की दुःख प्रेक्षणीय होते आणि दहा-बारा वर्षांचे असले की होत नाही, असे काही कोष्टक आहे काय? पाँपेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेले. १८६३ साली फियोरेलीने राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मरणाऱ्यांचे आकार बाहेर काढले. ते पाहायला आजही सारे जग लोटते. काळ दुःख संपवीत नाही, विचारणारा मनुष्य तेवढा संपवतो. "कुणाकडं?" असे विचारणारे पाँपेईत कोणी उरले नाही, म्हणून तिथे प्रवासी निर्धास्त हिंडतो.

पण शिवनेरीवर तरी विचारणारा संपला होता का? माळीणमध्ये गाडले गेलेले बहुतेक लोक महादेव कोळीच होते. घोडेगावच्या बाकावर बसलेले ते गृहस्थ कोण, हे मी विचारले नाही. पण त्यांच्यासारखाच कोणी त्या चौथऱ्यापाशी बसला असता, तर माझी दशमी घशाखाली उतरली असती काय?

मग मी गेलो नाही हेच बरे झाले, असे म्हणावे काय? तेही मन घेईना. स्मृतिस्तंभ उभारायचा तो कोणी येऊन पाहावे म्हणूनच. कोणीच न जाणे म्हणजे त्या गावावर दुसऱ्यांदा माती लोटणे. चूक पाहायला जाण्यात नव्हती. चूक खोटे बोलण्यात होती. खरे सांगितले असते, तर ते गृहस्थ कदाचित रागावले असते, कदाचित "चला, मी बी तिकडंच" म्हणाले असते. मला येऊ द्यायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता. लाजेच्या नावाखाली तो मीच वापरून टाकला. चार जण बरोबर असते, तर ही लाज आम्ही वाटून घेतली असती आणि प्रत्येकाच्या वाट्याला फारशी आली नसती. एकट्याने हिंडण्याचे खरे मोल मला त्या दिवशी कळले.

भीमाशंकरला पोचलो तेव्हा धुके इतके दाट होते, की देवळाचा कळसही दिसेना. पाहण्यासारखे काही नव्हते, म्हणून पायरीवर नुसता बसून राहिलो.