स्पायडर का डुलतो?
आमच्या जालन्याकडे शेतात नाग निघाला की सर्पमित्राला फोन जातो. 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे तो पाळता येत नाही. जगभरचे हौशी पाळतात तो आफ्रिकेतला बॉल पायथन, हव्या त्या रंगात.

गणित शाळेतल्या मेंडेलचंच. अल्बिनो जनुक अप्रभावी: साध्या दिसणाऱ्या दोन वाहकांच्या पिल्लांत सरासरी चारातलं एक पिवळं-पांढरं निघतं. ‘स्पायडर’ नक्षीला मात्र जनुकाची एकच प्रत पुरते. आणि तिच्यासोबत आतल्या कानातला दोष येतो. डोकं डुलतं, भक्ष्यावरचा नेम चुकतो.

‘खातो-पितो, जगतो की!’ असं पाळणारे म्हणतात. मला ते पटत नाही. अल्बिनो जनुक लपून राहतं, अनवधानाने पुढे जाऊ शकतं. स्पायडर लपत नाही, अंगावरच दिसतो. म्हणजे त्याची प्रत्येक जोडी कुणीतरी बघून, मुद्दाम लावलेली असते.