कडुलिंबाचा मोहोर

चैत्र लागला की मुकुंदवाडीत कडुलिंब मोहरतो, अंगणात मोगऱ्याला कळ्या धरतात, आणि शेवग्याची फुले कांद्याबरोबर तव्यावर पडतात. अशा दिवसांत एका भगिनीने आम्हांस विचारिले, "पाडव्याला शेजारीण कडुलिंबाचा मोहोर गूळ-चिंचेत वाटून पाठविते, तो आपण खावा काय?"

प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ज्यांनी प्रभूसाठी आप्तस्वकीय सोडिले, त्यांच्या मनात ह्या वासाबरोबर जुने दिवस जागे होतात. करिंथच्या मंडळीपुढे नैवेद्याच्या मांसाविषयी हाच पेच होता. मोहोर देवाने निर्मिला. सण मागाहून आला. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तरी त्यांचे फुलांवरील प्रेम आटले नाही. लोक त्यांस फुलामुलांचे कवीच म्हणत. (बाप्तिस्म्याने कोणाचे नाक बदलल्याचे आम्हीही पाहिले नाही.)

पौलाच्या उपदेशास धरून आम्ही तिला सांगितले की, वाटी स्वयंपाकघरातून आली तर चौकशी न करता घ्यावी. नैवेद्य म्हणून सांगून दिली तर दुर्बळ बंधूंसाठी नम्रपणे परत करावी, पण शेजारणीशी बोलणे तोडू नये.

यंदा तिने आपल्याच दारच्या झाडाचा मोहोर वाटिला व पहिली वाटी शेजारी धाडिली. दुसरी आमच्याकडे आली. गूळ पुष्कळ होता, तरी कडूच लागला.