उतार आणि उतारा

निवृत्तीनंतर माणसाला दोन इच्छा हमखास होतात. एक आत्मचरित्र लिहिण्याची आणि दुसरी घर बांधण्याची. पहिलीपासून आम्ही मित्रांच्या सल्ल्याने परावृत्त झालो. दुसरीने मात्र आम्हांला दोन वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातील एका डोंगराच्या कुशीत नेऊन उभे केले. सहाशे चौरस मीटर जागा, वरच्या अंगाला रस्ता, समोर दरीत पोफळींचे हिरवे छत, त्यापलीकडे देवळाचा कळस. एप्रिलची संध्याकाळ होती. अशा वेळी मनुष्य जमीन पाहत नाही, आपले उरलेले आयुष्य पाहतो.

मध्यस्थाने एक-चौदाचा उतारा हातात ठेवला. मालकी निर्विवाद, कुळ नाही, मुंडकार नाही. सेवाकाळात असे उतारे आम्ही हजारोंनी वाचले आहेत. परंतु उतारा वाचता येतो म्हणून उतारही वाचता येतो असे नाही, हे कळायला पावसाळा यावा लागला.

प्रथम कायद्याचे सांगतो, कारण तो आमच्या परिचयाचा प्रांत. गोव्याच्या १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७-अ आहे. त्यानुसार डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची तर पूर्वपरवानगी लागते. प्रादेशिक आराखडा २०२१ ने २५ टक्क्यांहून अधिक उतार विकासाला वर्ज्य मानला. २५ टक्के म्हणजे चार मीटर पुढे गेले की एक मीटर खाली. आमच्या जागेचा उतार कागदावर त्याहून कमी होता. कारण रस्त्यालगतचा तुकडा सपाट, आणि सरासरी साऱ्या जागेची काढलेली. जिथून कळस दिसतो, म्हणजे जिथे घर व्हायचे, तिथे तीन मीटरला एक मीटर असा उतार होता. सरासरी खोली गुडघाभर असलेल्या नदीत माणसे बुडाल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

जुलैत आम्ही पुन्हा गेलो. जमीन पावसात पाहावी, असे आमचे वडील म्हणत. स्थळाची चौकशी आणि जमिनीची पाहणी अडचणीच्या दिवसांत करावी, असा त्यांचा दंडक होता. पाऊलवाटेने खाली उतरलो, तेव्हा एक चिऱ्यांचे बैठे घर लागले. मागच्या पडवीपासून हातभर अंतरावर डोंगराची कड. एक वृद्ध बाई पन्हळीखालची घागर बदलत होत्या. आम्ही कोण, कशाला आलो, हे त्यांना आधीच ठाऊक होते. त्यांनी एवढेच विचारले, "भाटकारा, वरचे पाणी कुठे सोडणार?"

अजून इसारासुद्धा दिला नव्हता आणि आम्ही भाटकार झालो होतो!

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. घरी येऊन हिशेब मांडला. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सहाशे चौरस मीटरवर तो अठरा लाख लिटर होतो, आणि बहुतेक चार महिन्यांत. आज त्यातले बरेचसे झाडांची मुळे नि पालापाचोळा धरून ठेवतात, जमीन सावकाश जिरवते. तिथे छप्पर आणि फरसबंदी आली की तेच पाणी एका तोंडाने निघणार. बारा मीटर खोलीचे घर सपाट पायावर घ्यायचे, तर चार मीटरचा फरक भरून काढावा लागतो: मागे कापायचे, पुढे भरायचे, भरावाला संरक्षक भिंत द्यायची. आमचे एक अभियंता स्नेही म्हणाले की अशी भिंत मातीपेक्षा तिच्यामागे साचलेल्या पाण्याने पडते. म्हणून तिला निथळण्याची भोके ठेवायची, मागे दगडांची भर द्यायची, आणि भोके दरवर्षी पावसाआधी मोकळी करायची. वरचा जांभा कठीण, पण त्याखालची माती मऊ. कापल्यावर तीच उघडी पडते.

वरच्या जमिनीवरून निसर्गतः, माणसाच्या हाताशिवाय वाहणारे पाणी खालच्या जमिनीने स्वीकारले पाहिजे, हे तत्त्व रोमन कायद्यापासून चालत आलेले आहे आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेबरोबर ते आपल्या भूमीतही आले. यातील 'माणसाच्या हाताशिवाय' हे शब्द आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतात. आकाशातून पडलेल्याची तक्रार खालच्याने करू नये. पण वरच्याने हात लावला की हिशेब बदलतो. सेवाकाळात जमीन रूपांतराच्या ज्या संचिका आमच्या टेबलावरून गेल्या, त्यांत रस्ता, झाडे, हद्दी, हरकती यांचे रकाने होते. खाली कोण राहते, याचा रकाना आम्हांला आठवत नाही. त्यांतील काहींवर आमची सही आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. प्रत्येक दरड माणसामुळेच कोसळते असे नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली; बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमधील मुंडक्कई आणि चूरलमला गावे वाहून गेली. वायनाडला दरड जिथे सुटली, त्या माथ्यावर वस्ती नव्हती. मेले ते खाली राहणारे. तेव्हा आमचे एक घर न झाल्याने डोंगर स्थिर राहील, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु माळीण काय किंवा २०२३ ची इर्शाळवाडी काय, ती माणसे तिथे देखाव्यासाठी राहत नव्हती. आम्ही मात्र कळस दिसतो म्हणून पैसे मोजणार होतो, आणि त्या देखाव्याच्या किमतीचा काही हिस्सा खालच्या पडवीवर टाकणार होतो.

बेंगळुरूच्या चिरंजीवांचा युक्तिवाद निराळा होता. "बाबा, तुम्ही नाही घेतलीत तर दुसरा कोणी घेईल, आणि तो भोके ठेवणार नाही." हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. काळजी घेणारा मालक बेफिकीर मालकापेक्षा बरा, हे खरेच. आम्ही खांबांवर पायऱ्यापायऱ्यांचे घर, पाण्याला नाली, असा आराखडाही करवून घेतला. खर्च जवळजवळ दुप्पट होत होता. पेन्शनचे थोडे, जुने घर विकून थोडे, असे जमलेही असते.

अडले ते दरवर्षीच्या भोकांपाशी. आम्ही अडुसष्ट वर्षांचे. चिरंजीव परतणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आम्हांलाही. वीस वर्षांनी मे महिन्यात सळई घेऊन त्या भिंतीपाशी कोण जाणार? भिंत बांधणे म्हणजे खालच्या घराला एक वचन देणे आहे, आणि ते पाळण्याचे बहुतेक दिवस आमच्या मृत्यूनंतरचे आहेत. आमच्या पूर्वजांनी पायथ्याशी घरे बांधली, उतार झाडांना सोडला, माथा गुरांना. त्यांना भूगर्भशास्त्र कळत होते असे नव्हे, पण आपल्यानंतर घर सांभाळायला कोणी असेल, असे ते धरून चालत आणि बहुधा असेही. ती खात्री आता आमच्याजवळ नाही.

आम्ही जमीन घेतली नाही. घरात थोडा अबोला झाला, तो गणपतीपर्यंत मिटला.

गेल्या मे महिन्यात त्या रस्त्याने जाताना जेसीबी दिसला. चिरंजीवांचे अर्धे बोलणे खरे ठरले होते. खाली उतरून त्या बाईंना भेटलो. त्यांच्या नावाने आणि आमच्या नावाने, परवानगीची चौकशी करणारा व पाण्याच्या निचऱ्याची तपासणी मागणारा अर्ज लिहिला. आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला या बाजूने अर्ज लिहिताना मायना आठवेना. पोच मिळाली आहे. उत्तर अद्याप यायचे आहे.