जे आधी येईल ते

कराडात दोन भाऊ राहत होते. दोघांनी एकाच दसऱ्याला, एकाच शोरूममधून, एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी घेतली. थोरल्याचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. घरापासून दीड किलोमीटर. सकाळी दुकान, दुपारी जेवायला घरी, पुन्हा दुकान. धाकटा बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर. आज सोलापूर, उद्या पुणे, परवा कोल्हापूर. दोघांचाही गाडीवर जीव होता, हे आधीच सांगून ठेवतो. ही निष्काळजी माणसांची गोष्ट नाही.

थोरला हिशेबी. पहिल्या वर्षीचं फुकटचं सर्व्हिसिंग उरकल्यावर त्याने गाडीची पुस्तिका उघडली, तक्त्यात १०,००० किलोमीटर हा आकडा पाहिला आणि पुस्तिका पुन्हा कप्प्यात ठेवून दिली. पुढच्या सव्वादोन वर्षांत मीटर चार हजारांनीही पुढे सरकला नाही. कोणी सर्व्हिसिंगचं विचारलं की तो म्हणायचा, "अजून सहा हजार शिल्लक आहेत."

धाकट्याने पुस्तिका उघडलीच नाही. त्याला मेहुण्याने सांगितलं होतं, दर तीन हजाराला ऑइल बदल, काळं झालं की थांबू नकोस. मेहुण्याने तरुणपणी अँबॅसेडर चालवली होती. त्याला दोष द्यायला मी तयार नाही. कार्ब्युरेटरच्या त्या इंजिनांना आणि त्या वेळच्या मिनरल ऑइलला ते वेळापत्रक शोभणारंच होतं. आज इंधन मोजून आत सोडलं जातं, सिंथेटिक ऑइल जास्त काळ टिकतं. पण धाकट्याने मेहुण्याचा शब्द पाळला. त्याचं धावणंच इतकं, की दर महिन्या-सव्वा महिन्याला चांगलं ऑइल काढून नवीन भरलं जाई. आणि ऑइल बदललं म्हणजे सर्व्हिसिंग झालं, असं तो धरून चालला.

एका पावसाळ्यात थोरल्याची गाडी सकाळी सुरू होताना खडखडू लागली. सिग्नलला उभी असली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुके. त्याने गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने गेजची पट्टी ओढली, वेस्टने पुसली, परत घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं.

"बघा मिस्त्री, थेंबभर कमी नाही!" थोरला म्हणाला.

मिस्त्रीने पट्टी नाकाजवळ नेली आणि त्याच्या पुढे धरली. पेट्रोलचा वास येत होता. मग ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं केलं. आतल्या बाजूला पिवळसर, सायीसारखा थर बसला होता. गाडी रॅम्पवर घेऊन चेंबरचा नट सोडला, तेव्हा आधी पाण्यासारखं पातळ ऑइल आलं आणि मागून काळा, जाड गाळ. चेंबर उतरवला, तर पंपाची जाळी निम्मी बुजलेली.

"शेठ, दीड किलोमीटरात इंजिन तापतच नाही," मिस्त्री म्हणाला. "थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलात उतरतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, तीही आत जाऊन थंड पडते. गाडी तासभर पळाली तर ऑइल चांगलं तापतं आणि हे सगळं उडून जातं. तुमची गाडी तापायच्या आत दुकान येतं. रोज थोडं थोडं साठत गेलं."

"पण चार हजारच झालेत ना?"

मिस्त्रीने कप्प्यातून पुस्तिका काढली आणि तक्त्यावर बोट ठेवलं. १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते. थोरल्याने आकडा वाचला होता, ओळ पुरी वाचली नव्हती. मिस्त्रीने पान उलटलं. तिथे वेगळा तक्ता होता: कायम जवळच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, तासन् तास ट्रॅफिकमध्ये रखडणं, घाटात ओझं घेऊन जाणं. असा वापर असेल तर मुदत आणखी कमी. कराडात, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत, आपण यातल्या एका ना एका ओळीत बसतोच. तरी हे पान फार थोडे लोक उघडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात धाकटा कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरत होता. मागे बियाण्यांची पोती. निम्म्या घाटात ब्रेकचा पेडल मऊ झाला, मग थेट खाली गेला. त्याने दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला दाबून उभी केली. ब्रेक निवल्यावर पेडल पुन्हा वर आला. काम रद्द करून, खालच्याच गिअरमध्ये, तो परत फिरला.

मिस्त्रीने ब्रेक ऑइलची टाकी उघडली. आतलं ऑइल चहासारखं तपकिरी झालं होतं.

"हे हवेतलं पाणी ओढून घेतं," तो म्हणाला. "ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, जोर चाकापर्यंत पोचत नाही. दोन वर्षांनी बदलायचं, पुस्तिकेत लिहिलंय. इंजिन ऑइल इतक्या वेळा बदललंत, आणि हे एकदाही नाही?"

धाकटा गप्प राहिला. एअर फिल्टर काढला, तर तोही धुळीने बुजलेला.

मिस्त्रीने दोघा भावांना समोर बसवून सांगितलं, "गाड्या सारख्या आहेत, वापर सारखा नाही. एकाने नुसता मीटर बघितला, दुसऱ्याने मेहुण्याचं ऐकलं. गाडी कशी चालते, ते कोणीच बघितलं नाही."

थोरल्याची जाळी साफ झाली, पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं ऑइल आणि नवीन फिल्टर पडला. वेळेत आल्यामुळे इंजिन उघडावं लागलं नाही. त्याला मिस्त्रीने सहा महिन्यांची मुदत दिली आणि रविवारी गाडी महामार्गावर तासभर काढायला सांगितली. धाकट्याची धाव बहुतेक लांबच्या रस्त्यांवर, म्हणून त्याला इंजिन ऑइलसाठी पुरे दहा हजार दिले, पण दर आठवड्याला पट्टी बघायची आणि ब्रेक ऑइलची तारीख लिहून ठेवायची, असं बजावलं.

"आणि मधेच ऑइल काळं दिसलं तर?" धाकट्याने विचारलं.

"दिसू दे. इंजिनातला मळ ते स्वतःकडे घेतं, म्हणून काळं होतं. पातळी खाली गेली तर भरा. पेट्रोलचा वास आला तर दोन-चार दिवसांत या. दुधाळ झालं तर मात्र गाडी चालवू नका. मला फोन करा, मीच येतो."